पोरकी पिले, परके पालक

जून सरत येतो, शाळा उघडतात आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर आमच्या आनंद नगरातील झाडांवरून काही ना काही खाली येऊ लागते. कधी बुलबुलाचे पिलू, कधी साळुंकीचे, तर कधी डोळेही न उघडलेले खारीचे पोर. रायसेन रस्त्यालगतची ही वस्ती आता बरीच दाट झाली असली तरी निंब, जांभूळ आणि गुलमोहर यांनी अद्याप तग धरला आहे, आणि जेथे झाड आहे तेथे घरटे हे आलेच. मुले ते पिलू बुटांच्या खोक्यात अथवा रिकाम्या जेवणाच्या डब्यात घालून शाळेत घेऊन येतात. 'सर, इसकी माँ नहीं है,' हे त्यांचे वाक्य ठरलेले. बोलणाऱ्याचा गळा दाटून आलेला असतो आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या पाच-सहा जणांच्या चेहऱ्यांवर, आता सर काय करतात, ही उत्सुकता असते.

या सदरात आम्ही बहुधा पुस्तके, भाषा आणि शाळा यांविषयी लिहीत आलो आहोत. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. आईवाचून राहिलेल्या रानातल्या पिलांचे माणसाने काय करावे? प्रश्न दिसतो तितका बालिश नाही. भोपाळकरांना तर तो मुळीच परका नाही. आमच्या शहराच्या वेशीवर, केरवा आणि कलियासोत यांच्या आसपासच्या रानात वाघांचा वावर आहे. मोठ्या तलावाच्या काठी वनविहार आहे. रान आणि वस्ती जेथे एकमेकांना इतकी खेटून आहेत, तेथे पिले चुकणार, पडणार आणि काही खरोखरच पोरकी होणार. मुलांच्या मनात त्यांच्यासाठी जो कळवळा उठतो तो आपण जपलाच पाहिजे. परंतु कळवळ्याला ज्ञानाची जोड नसेल तर तो त्या पिलाच्याच जिवावर बेततो, हे आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

पहिला प्रश्न असा की, हाती आलेले पिलू पोरके आहे, हे आपण कशावरून ठरविले? अंगावर पुरती पिसे आलेले, शेपूट आखूड असलेले, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पाखरू आपल्याला घरट्यातून पडलेले वाटते. वस्तुतः ते उडावयास शिकत असते. पुष्कळ जातींची पिले पंखांत पुरते बळ येण्यापूर्वीच घरटे सोडतात आणि काही दिवस झुडपांत, कुंपणावर वा जमिनीवर काढतात. आईबाप जवळच असतात व चोचीत किडे घेऊन येतही असतात. मात्र आपण पिलाच्या भोवती कोंडाळे करून उभे असलो तर ते खाली उतरत नाहीत. आपण ज्याला सुटका म्हणतो ते अशा वेळी चक्क अपहरण ठरते! अशा पिलाला उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे, मांजर-कुत्र्याला दूर ठेवावे आणि आपणही दूर व्हावे, एवढेच आपले काम.

अंगावर पिसे नसलेले उघडेबोडके पिलू असेल तर गोष्ट वेगळी. त्याचे घरटे शोधून त्यात ते परत ठेवावे. 'माणसाचा हात लागला की पक्षीण पिलाला टाकते', असे आपल्या घराघरांतून सांगितले जाते. ही समजूत खरी नाही. बहुतेक पाखरे वासावरून आपली पिले ओळखीत नाहीत आणि पोटच्या पिलाला इतक्या सहजी टाकीतही नाहीत. खारीची गोष्टही अशीच. तिचे घरटे मोडले, फांदी तुटली, तर ती आपली पिले एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलविते. खाली पडलेले पोर उबदार चिंधीवर, उघड्या खोक्यात, त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवून आपण दूर राहिलो तर दिवस मावळण्यापूर्वी ते पुष्कळदा नाहीसे झालेले दिसेल. ते आईनेच नेलेले असते.

हरणांच्या पाडसांविषयीचा गैरसमज याहून मोठा आहे. काळवीट काय किंवा चितळ काय, मादी आपले नवजात पाडस गवतात दडवून स्वतः चरावयास दूर जाते. असे करण्यातच पाडसाची सुरक्षितता असते, कारण त्याच्या अंगाला वास फारसा नसतो आणि धोका जाणवला की ते मान टाकून निश्चल पडून राहते. शेतकऱ्याला वा वाटसरूला ते आजारी, टाकलेले असे भासते. तो दयाळूपणे ते घरी नेतो. संध्याकाळी आई परतते तेव्हा जागा रिकामी असते. ज्याला आई होती ते पाडस अशा रीतीने आपल्या दयेमुळे पोरके होते.

ही गोष्ट नुसत्या पाखरांपुरती आणि पाडसांपुरती नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके वाचकांपैकी कित्येकांच्या मूळ गावांचे असतील. तेथे धरणांचे पाणी आले, उसाचे मळे झाले आणि त्या मळ्यांत बिबटे वस्तीला आले. बारा-अठरा महिने उभे असलेले दाट पीक, जवळ पाणी, खावयास कुत्री आणि डुकरे. बिबट्याच्या मादीला बाळंतपणाला याहून निवांत जागा कोठली? पुढे तोडणीचा हंगाम सुरू होतो, मजुरांचे कोयते चालू लागतात आणि एखाद्या सरीत दोन-तीन बछडे सापडतात.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबट्यांचे माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले होते. त्या वेळी बिबटे पकडून दूरच्या रानात नेऊन सोडण्यावर भर होता. पुढे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, या हलविण्याने तंटा मिटण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. हे ध्यानी घेऊन मळ्यात सापडलेल्या बछड्यांच्या बाबतीत वनखाते आणि माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्रातील पशुवैद्य आता वेगळी वाट चोखाळतात. बछडे तपासावयाचे, धडधाकट असतील तर त्याच दिवशी, जेथे सापडले नेमक्या त्याच जागी, एका खोक्यात घालून सांजवेळी ठेवावयाचे, आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा जवळ लावावयाचा आणि सर्वांनी दूर जावयाचे. मादी अंधारात येते, हुंगते, खोके कलंडते आणि एकेक बछडा मानेला धरून घेऊन जाते. कधी त्याच रात्री, कधी दुसऱ्या रात्री. परंतु अशा भेटी अनेकदा घडल्या आहेत आणि त्यांची छायाचित्रेही आहेत.

यात शेतकऱ्याचा वाटा केवढा आहे हे शहरात राहणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. त्याने तोडणी थांबवावयाची, मजुरांची रोजी बुडू द्यावयाची, आणि ज्या जनावराने उद्या त्याचे वासरू न्यावे, किंबहुना त्याच्या लेकरावर झडप घालावी, त्याच्या पिलांची राखण करावयाची. त्या तालुक्यांत माणसांचे, त्यातही मुलांचे, बळी गेले आहेत. त्यांच्या आईबापांचा संताप कोणी खोटा म्हणू नये. परंतु बछडे उचलून नेल्याने हा धोका कमी होत नाही. पिलांना शोधीत हिंडणारी मादी गावाभोवती अधिकच बिथरून फिरते आणि उचललेले बछडे उरलेले आयुष्य पिंजऱ्यात काढतात. बिबट्या पिंजऱ्यात वीस-वीस वर्षे जगतो, हे लक्षात घेतले म्हणजे एका दिवसाच्या धीराची किंमत कळते.

हे झाले आई जिवंत असलेल्या पिलांविषयी. जिची शिकार झाली, जी मोटारीखाली वा विजेच्या तारेने मेली, तिच्या पिलांचे काय?

मराठी वाचकाला येथे हेमलकसा आठवल्यावाचून राहणार नाही. बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागडच्या रानात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडिया गोंडांच्या सेवेसाठी जाऊन राहिले. एकदा रानवाटेने जात असता शिकारीहून परतणारे काही आदिवासी त्यांना भेटले. काठीला बांधलेली मेलेली माकडीण आणि तिच्या छातीला बिलगून दूध शोधणारे जिवंत पिलू, असे ते दृश्य होते. डॉक्टरांनी ते पिलू मागून घेतले. पोटासाठी शिकार करणाऱ्या भुकेल्या माणसांना दोष न देता, त्यांना धान्य देऊन त्यांच्याकडून पोरकी पिले घेण्याचा परिपाठ त्यातून सुरू झाला. पुढे बिबटे, अस्वले, तरस, हरणे, साप असा मोठा परिवार तेथे जमला. 'रानमित्र' या पुस्तकात डॉ. आमटे यांनी तो वर्णिला आहे. हेमलकशाने जो आसरा दिला तो बहुतांशी आयुष्यभराचा होता. आई मेलेल्या पिलाला मरू न देणे, ही त्यातली पहिली पायरी होती आणि त्या काळी, त्या रानात, ती फार मोठी होती.

योगायोगाने त्याच १९७३ साली ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वारी या गावी कोआला या झाडावर राहणाऱ्या प्राण्यांसाठी रुग्णालय सुरू झाले. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले, नातवंडे तिकडे आहेत त्यांना ठाऊक असेल की, त्या देशात पोरक्या पिलांची शुश्रूषा ही घराघरांतून चालणारी गोष्ट आहे. कांगारू, वॉलबी, वोम्बॅट यांची पिले आईच्या पोटाच्या पिशवीत वाढतात. कांगारूचे पिलू जन्मते तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढे, दोन-अडीच सेंटिमीटरांचे असते. रात्री रस्त्यावर मोटारीचा धक्का लागून मादी मरते. परंतु पिशवीतले पिलू पुष्कळदा जिवंत राहते. म्हणून तेथील जाणती माणसे मेलेले जनावर दिसले की मोटार थांबवून पिशवी तपासतात. स्तनाग्र तोंडात घट्ट धरून असलेले कोवळे पिलू ओढून काढावयाचे नसते, कारण त्याच्या तोंडाला इजा होते. हेही तेथे शिकवून ठेवलेले असते.

त्यापुढची पायरी अधिक नाजूक. कांगारूच्या पिलाला गाईचे दूध चालत नाही. त्यातील साखर त्याला पचत नाही, हगवण लागते आणि डोळ्यांत मोतीबिंदूही होऊ शकतो. त्याच्यासाठी निराळे दूध तयार करतात आणि वयाप्रमाणे ते बदलीत नेतात. कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत पिलांना टांगून ठेवतात. हे काम परवान्यावाचून व शिक्षणावाचून करता येत नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यात त्या देशात भयंकर वणवे लागले तेव्हा जगभरच्या स्त्रियांनी अशा पिशव्या विणून, शिवून धाडल्या. इतका ओघ लागला की शेवटी 'आता पुरे' असे सांगावे लागले. कळवळ्याला नेमके काम मिळाले म्हणजे काय होते याचे हे उदाहरण होय. आपल्याकडे मात्र खारीच्या पोराला वा सशाच्या पिलाला गाईचे दूध पाजणे आणि पाखराच्या चोचीत पाणी सोडणे हाच पहिला उपचार समजला जातो. दुधाने खारीचे पोट बिघडते, आणि चोचीत सोडलेले पाणी श्वासनलिकेत शिरून पाखरू गुदमरते. पिलाला पहिली गरज असते उबेची, अंधाराची आणि शांततेची. अन्नाचा विचार त्यानंतर, आणि तोही जाणकाराला विचारून.

आता यापुढचा प्रश्न. पिलू वाचले, पोसले, मोठे झाले. त्याचे काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुराणांत एका कथेच्या रूपाने आधीच आलेले आहे, असे आम्हांस वाटते. भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजाची कथा आपण कीर्तनांत ऐकत आलो आहोत. राज्य टाकून गंडकीच्या तीरी तप करणाऱ्या भरताला पाण्यावर आलेली एक गरोदर हरिणी दिसते. सिंहाच्या गर्जनेने भिऊन ती उडी घेते, पाडस प्रवाहात पडते आणि ती प्राण सोडते. भरत पाडस वाचवितो. येथवर त्याचे काहीच चुकत नाही. ते पाडस खरोखरीच पोरके होते. चुकते ते पुढे. त्याला पाडसावाचून करमेनासे होते, ते क्षणभर दृष्टीआड झाले तरी तो व्याकूळ होतो, आणि अंतकाळी त्याचेच ध्यान लागल्याने पुढला जन्म हरणाचा येतो. कीर्तनकार येथे आसक्तीचा दोष सांगतात, तो योग्यच आहे. परंतु आम्हांस या कथेत दुसरीही एक बाजू दिसते. भरताचा तपोभंग झाला हे सर्वांना दिसते; पाडसाचे हरीणपण गेले त्याचे काय? कळपात कसे वागावे, वाघाची चाहूल कशी ओळखावी, हे तपस्व्याच्या पर्णकुटीत त्याला कोण शिकविणार?

राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली 'पाडस' ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना या कथेचे आधुनिक रूप आठवेल. लहान मुलाने मायेने वाढविलेले हरणाचे पोर अखेर घरचेच पीक खाऊ लागते आणि त्या मुलालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. कॉन्राड लॉरेंत्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हेच प्रयोगाने दाखविले. अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रथम ज्याला पाहिले त्यालाच हंसाची पिले आई मानतात, आणि त्याच्या मागून चालणारी पिले त्यालाच आई मानून बसली होती. त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केनियात हत्तींची पोरकी पिले वाढविणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांचा अनुभव तर चटका लावणारा आहे. त्यांनी स्वतः वाढविलेले एक पिलू, त्या मुलीच्या लग्नासाठी काही दिवस दूर गेल्या असता, खाणेपिणे सोडून मरण पावले. तेव्हापासून तेथे एकाच पिलाला एकाच माणसाची सवय लागू नये म्हणून राखणदार आळीपाळीने बदलले जातात. माया कमी करण्यासाठी नव्हे, तर माया पिलाच्या गळ्याचा फास होऊ नये म्हणून.

याचा अर्थ असा की, पोरक्या पिलाच्या पालकाला अगदी उफराटे पालकत्व करावे लागते. आपल्यावाचून त्याचे अडणार नाही, इतकेच नव्हे तर आपली त्याला भीती वाटेल, अशा बेताने ते वाढवावयाचे. अरुणाचल प्रदेशातील पाक्के अभयारण्याच्या परिसरात २००२ पासून काळ्या अस्वलांच्या पोरक्या पिलांसाठी असे एक केंद्र चालते. तेथील राखणदार पिलांना घेऊन रोज जंगलात फिरावयास जातो. कोणते फळ खावे, झाडावर कसे चढावे, हे पिले स्वतःच हुडकून काढतात. राखणदार नुसता सोबतीला असतो. दिवसेंदिवस पिले त्याच्यापासून लांब जाऊ लागतात, रात्रीही रानात राहू लागतात, आणि एके दिवशी परत येत नाहीत. तो त्या राखणदाराच्या यशाचा दिवस.

आमच्या मध्य प्रदेशाने याहून कठीण काम करून दाखविले आहे. २००९ साली पन्ना येथील व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड, कान्हा आणि पेंच येथून वाघ आणून तेथे पुन्हा बिऱ्हाड वसविण्यात आले. त्यांत कान्हातील दोन बहिणी होत्या. आई गमावलेल्या या बछड्यांना घोरेला येथील मोठ्या कुंपणात, माणसापासून शक्य तितके दूर ठेवून, जिवंत सावज मारावयास शिकू देऊन वाढविले होते. पन्नाच्या नोंदीतील 'टी-४' ही वाघीण २०११ च्या मार्चमध्ये आणि तिची बहीण 'टी-५' त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे सोडण्यात आली. जिला आईने एकही शिकार शिकविली नव्हती ती टी-४ रानात टिकली, तिला बछडे झाले आणि आईवाचून वाढलेली वाघीण स्वतः आई झाली. पन्नाच्या रानात आज जे वाघ हिंडतात त्यांत त्या पोरक्या वाघिणीचाही वंश आहे.

परंतु प्रत्येक कथेचा शेवट असा होत नाही, हे सांगणेही आमचे कर्तव्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली 'अवनी' ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. तिची मादी बछडी पुढच्याच महिन्यात पकडण्यात आली आणि महाराष्ट्रातील पेंचमध्ये कुंपणात ठेवून तिला शिकारीला तयार करण्यात आले. दोन वर्षांहून अधिक काळ वनखात्याच्या माणसांनी तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या. मार्च २०२१ मध्ये ती मोकळ्या रानात सोडली गेली आणि काही दिवसांतच तेथल्या दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत जबर जखमी होऊन मरण पावली. सावज मारावयास ती शिकली होती. आधीच वाटल्या गेलेल्या रानात आपली जागा कशी मिळवावी, दुसऱ्याच्या हद्दीतून केव्हा पाय काढता घ्यावा, हे मात्र कुंपणात शिकता येत नाही. हा प्रयत्न चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आईची जागा भरून काढणे किती अवघड आहे, एवढे त्यावरून कळावे.

आणि काही पिले अशी असतात की, ज्यांचा परतीचा मार्ग कायमचाच बंद झालेला असतो. आपल्या लहानपणी दारावर डमरू वाजवीत अस्वल घेऊन येणारा दरवेशी वाचकांना आठवत असेल. इकडे त्याला कलंदर म्हणतात. पोरे त्याच्या मागे धावत, आयाबाया दृष्ट लागू नये म्हणून अस्वलाचा केस मागून घेत. ते अस्वल कोठून येई, हे आपण कधी विचारले नाही. मादीला मारून वा हुसकून तिची पिले पळविली जात. तापल्या सुईने नाकाडाला भोक पाडून त्यातून दोरी ओवली जाई, दात पाडले जात. हा खेळ कायद्याने बंद झाला होता, तरी चालूच राहिला. अखेर कलंदरांना दुसरा रोजगार, मुलांना शाळा, अशी व्यवस्था लावीत अस्वले सोडविली गेली आणि २००९ च्या डिसेंबरात देशातील शेवटचे नाचणारे अस्वल मुक्त झाल्याचे जाहीर झाले. अशी अनेक अस्वले भोपाळच्या वनविहारात आणली गेली. दात नाहीत, वारूळ उकरण्याची सवय नाही, रानाची ओळख नाही; त्यांना सोडणार कोठे? सावलीत बसून पोटभर खावे आणि पुन्हा कोणी दोरी ओढू नये, एवढेच त्यांना देता येण्याजोगे होते.

१९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालेले वनविहार सुमारे साडेचार चौरस किलोमीटरांचे आहे. तेथील वाघ-बिबट्यांपैकी पुष्कळसे रानात पोरके वा जखमी झालेले, अथवा अन्य ठिकाणांहून सोडवून आणलेले असतात. रविवारी मुलांना घेऊन जाल तेव्हा वाघ झोपलेला आहे म्हणून हिरमुसले होऊ नका. 'हा येथे कसा आला?' एवढा एक प्रश्न मुलांना विचारावयास शिकवा.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातला प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. कोणत्याही कारणाने तो आपल्या हाती आला तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. पिंजऱ्यातला पोपट, अंगणात बांधलेले पाडस, हौसेने पाळलेले माकडाचे पोर, ही सर्व या कायद्याखाली येतात. 'आम्ही त्याला घरच्यासारखे ठेवतो' हे उत्तर तेथे चालत नाही. आमच्या मते ते उत्तरच खरी तक्रार आहे. त्याला घरच्यासारखे नको, रानच्यासारखे हवे असते.

आम्ही पेशाने शिक्षक आहोत. मुलगा शाळा सोडतो तेव्हा त्याला दाखला देतो आणि तो पुढे आपल्या वाटेने गेला, आपल्यावाचून त्याचे नीट चालले, यातच आमच्या कामाचे सार्थक मानतो. पोरक्या पिलाच्या पालकालाही असाच दाखला द्यावा लागतो. फक्त तेथे कृतज्ञतेने भेटावयास येणारा माजी विद्यार्थी कोणी नसतो आणि येऊही नये.

तेव्हा घरातील मुले उद्या एखादे पिलू घेऊन आली तर त्यांच्यावर रागावू नका आणि लगेच दुधाची वाटीही पुढे करू नका. आधी विचारा: कोठे सापडले, अंगाला जखम आहे काय, आई जवळपास दिसते काय? जखम नसेल तर त्याच जागी परत नेऊन ठेवा आणि मुलांना घेऊन खिडकीआड तासभर शांत बसा. जखम असेल, वा आई मेल्याचे स्पष्ट दिसत असेल, तर खोक्याला भोके पाडून, मऊ फडके घालून, झाकून, वनखात्याला कळवा. जवळच्या वनकार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आजच मिळवून, स्वयंपाकघरात लटकणाऱ्या कालनिर्णयावर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.